नॅनोमोलर फॉस्फेट आणि नायट्रेट: लांब सेल घेण्याआधी ब्लँककडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. किनाऱ्यापासून खूप लांब, खुल्या समुद्रातलं वरचं पाणी घेतलं, नेहमीच्या मोलिब्डेनम ब्लू पद्धतीने (फॉस्फेटला निळा रंग आणून) १ सेंमीच्या सेलमध्ये, म्हणजे ज्यातून प्रकाश सोडतात त्या छोट्या भांड्यात, फॉस्फेट मोजलं, आणि एकाच बाटलीचे तीन आकडे आले: ०.०४, ०.०१ आणि उणे ०.०२ मायक्रोमोलर (१ मायक्रोमोलर म्हणजे १००० नॅनोमोलर). नायट्रेटचंही तसंच काहीतरी झालंय. आता १ मीटर लांबीची सेल घ्यायचा विचार आहे, तर ती घेतली की काम होईल का, आणि हातात असलेल्या जुन्या आकड्यांचं काय करायचं.

सेल घ्या, ती लागणारच आहे. पण ती आली की तुमचा प्रश्न सुटणार नाही, उलट आत्तापर्यंत जो घोळ दिसत नव्हता तो स्पष्ट दिसायला लागेल. मी बरीच वर्षं हेच काम करतेय, जहाजावर आणि लॅबमध्ये दोन्हीकडे, आणि माझा अनुभव असा आहे की या पातळीवर सॅम्पल मोजणं सोपं असतं, अवघड असतं ते शून्य मोजणं, म्हणजेच ब्लँक: मोजायचं द्रव्य नसतानाही जो सिग्नल येतो तो. तुमचं शून्य कुठे आहे हे पक्कं माहीत नसेल तर सेल १ मीटरची असो की ५ मीटरची, तुम्ही स्वतःचे रिएजंट, म्हणजे रंग आणणारी रसायनं, आणि स्वतःचं शुद्ध पाणीच मोजत बसाल.

आधी तुमचे आकडेच बघू. मोलिब्डेनम ब्लूचा जो निळा रंग येतो त्याची मोलर ऍब्सॉर्बटिव्हिटी (ठराविक प्रमाणातला रंग किती प्रकाश शोषतो तो आकडा) ८८० नॅनोमीटर तरंगलांबीला साधारण २२,००० धरा. म्हणजे १ सेंमीच्या सेलमध्ये १० नॅनोमोलर फॉस्फेटला ऍब्सॉर्बन्स, म्हणजे शोषलेल्या प्रकाशाचं माप, मिळणार ०.०००२२. तुमचे ०.०४ आणि उणे ०.०२ यांच्यामधला सगळा फरक जेमतेम ०.००१३ ऍब्सॉर्बन्सचा आहे. सेल काढून पुन्हा ठेवली, काचेवर बोटाचा पुसटसा डाग राहिला, तरी एवढा फरक पडतो. तेव्हा ते तीन आकडे वेगळे नाहीतच, तिन्हींचा अर्थ एकच, की या सेटअपला इथलं फॉस्फेट दिसत नाही.

आणि तिथे फॉस्फेट खरंच किती असतं हे डोळ्यासमोर असू द्या. उत्तर पॅसिफिकच्या खोल पाण्यात फॉस्फेट ३ मायक्रोमोलरच्या आसपास असतं आणि नायट्रेट ४० मायक्रोमोलरच्या वर जातं. पण उपोष्ण कटिबंधातल्या मोठ्या भोवऱ्यांमध्ये, म्हणजे महासागरभर गोल फिरणाऱ्या प्रवाहांच्या आत, वरच्या उजेडाच्या थरात नायट्रेट बऱ्याचदा १० नॅनोमोलरच्याही खाली असतं, आणि सरगॅसो समुद्रात किंवा भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात फॉस्फेटही १० नॅनोमोलरच्या खाली जातं. १० नॅनोमोलर म्हणजे ५० मिलीच्या बाटलीत सगळं मिळून ४७-४८ नॅनोग्रॅम फॉस्फेट. एवढं तर नीट न विसळलेल्या बाटलीच्या झाकणातून सहज येऊ शकतं. जुन्या तक्त्यांमध्ये या पाण्यापुढे सरळ शून्य लिहिलेलं असायचं, पण तिथे शेवाळ वाढतंय, बॅक्टेरिया जगतायत, नायट्रोजन स्थिर करणारं ट्रायकोडेस्मियम वाढतंय, आणि कोण कशासाठी उपाशी आहे हे त्या ३ आणि ३० नॅनोमोलरमधल्या फरकावर ठरतं. म्हणून ही मेहनत करायची, मला तरी या कामात सगळ्यात जास्त समाधान इथेच मिळतं.

आता लांब सेलबद्दल. ही मीटरभराची सेल म्हणजे लिक्विड वेव्हगाइड, एक बारीक कॅपिलरी नळी, तिच्यात टेफ्लॉन एएफ २४०० नावाचं पॉलिमर वापरलेलं असतं. त्याचा अपवर्तनांक १.२९, पाण्याचा १.३३, त्यामुळे ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश जसा आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो तसा तो इथे पाण्यातून जातो आणि काही शे मायक्रोलिटर पाण्यात तुम्हाला मीटरभर मार्ग मिळतो. छान कल्पना आहे. पण पहिलीच गोष्ट जी लोक विसरतात ती म्हणजे ८८० नॅनोमीटरला पाणी स्वतःच प्रकाश गिळतं. १ सेंमीत ते कळत नाही, १ मीटरमध्ये निव्वळ पाण्यामुळेच दोनच्या वर ऍब्सॉर्बन्स होतो आणि डिटेक्टरपर्यंत प्रकाशच पोचत नाही. म्हणून लांब सेलमध्ये फॉस्फेट ७०० ते ७१० नॅनोमीटरच्या आसपास वाचतात, तिथे निळ्या रंगाचा दुसरा, थोडा बुटका खांदा आहे आणि पाणी बरंच पारदर्शक आहे. संवेदनशीलता थोडी कमी होते, पण १० नॅनोमोलरला ०.०१ च्या आसपास ऍब्सॉर्बन्स मिळतो आणि तो विश्वासाने वाचता येतो. नायट्रेट मोजताना त्याचं आधी नायट्राइट करतात, त्या नायट्राइटच्या गुलाबी रंगाला ही अडचण नाही, तो ५४० ला वाचायचा असतो.

दुसरी गोष्ट बुडबुडे. एक बारीकसा बुडबुडा कॅपिलरीच्या आत चिकटला की बेसलाइन उडी मारते आणि तशीच वर बसून राहते. थंड सॅम्पल गरम खोलीत आणलं की त्यातून हवा सुटते, त्यामुळे सॅम्पल आणि रिएजंट आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मोलिब्डेनम ब्लू हळूहळू आतल्या भिंतीवर बसतो, तास-दोन तासांत बेसलाइन वर सरकताना दिसली तर कारण बहुतेक तेच. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड, मग पाणी, मग सौम्य हायड्रोक्लोरिक ऍसिड, मग भरपूर पाणी, असं धुऊन काढायचं. आणि तिसरी गोष्ट, क्षारता. गोड्या पाण्यानंतर खारं पाणी आत गेलं की अपवर्तनांक बदलतो, आणि रंग अजिबात नसताना सिग्नल दिसतो. हा सिग्नल नॅनोमोलरच्या हिशोबात छोटा नसतो. म्हणून धुण्याचं पाणी, स्टँडर्डचं (माहीत असलेल्या प्रमाणाच्या द्रावणाचं) पाणी आणि सॅम्पल या तिघांची क्षारता शक्यतो एकच ठेवायची.

आता ब्लँक.

ब्लँक हा एक शब्द आहे पण त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, रिएजंटमधून येणारं फॉस्फेट किंवा नायट्रेट. दोन, ज्या पाण्याला तुम्ही शून्य म्हणताय त्यातलं. तीन, रंगाशी संबंध नसलेला ऍब्सॉर्बन्स, म्हणजे गढूळपणा, सॅम्पलचा मूळ रंग आणि क्षारतेमुळे होणारा अपवर्तनाचा परिणाम. तिन्ही एकत्र करून एकच आकडा वजा केला की मायक्रोमोलर पातळीवर चालून जातं, नॅनोमोलरला नाही चालत.

तुमचा उणे आकडा बघा. त्यातला काही भाग नॉइज आहेच, पण जर उणे आकडे वारंवार येत असतील तर त्याचा साधा अर्थ असा की तुमचं शून्याचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा जास्त घाण आहे. हे फार कॉमन आहे. शुद्ध पाण्याच्या मशीनवर १८.२ मेगाओहम (पाण्याचा विद्युतरोध, जास्त म्हणजे शुद्ध) दिसतंय म्हणून लोक निर्धास्त असतात, पण त्या मीटरला काही नॅनोमोलर फॉस्फेट दिसत नाही आणि जुन्या कार्ट्रिजमधून सिलिकेट सगळ्यात आधी निसटायला लागतं. शिवाय काढून ठेवलेलं पाणी हवेतून अमोनिया आणि नायट्रोजनचे ऑक्साइड शोषत राहतं, म्हणून सकाळी भरलेल्या कॅनमधलं पाणी संध्याकाळच्या ब्लँकला वापरायचं नाही. नळी सोडा, पहिलं लिटरभर जाऊ द्या, आणि ताजं घ्या.

रिएजंटचा वाटा वेगळा काढायची एक साधी युक्ती आहे. एकाच पाण्याचे दोन भाग घ्या, एकात नेहमीएवढं रिएजंट घाला, दुसऱ्यात दुप्पट, आणि आकारमान वाढल्याचा हिशोब करून दोन्हीतला फरक बघा. पाणी तेच आहे, तेव्हा जो जास्तीचा रंग आला तो रिएजंटचा. फॉस्फेटच्या मिश्र रिएजंटमध्ये हे बरं चालतं कारण दुप्पट घातलं तरी ऍसिड आणि मोलिब्डेटचं एकमेकांशी प्रमाण तेच राहतं. अपवर्तनाचा वाटा काढायचा तर सॅम्पलमध्ये सगळं घाला पण एस्कॉर्बिक ऍसिड सोडून, म्हणजे रंग येत नाही आणि जे दिसतं ते निव्वळ पाण्याचं. हे दोन्ही आकडे वहीत रोज लिहा. महिनाभर लिहिले की कुठल्या डब्यातलं मोलिब्डेट वाईट आहे आणि कुठलं सल्फ्युरिक ऍसिड बरं आहे हे आपोआप कळतं, पाणी नेमकं कुठे मुरतंय ते दिसतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ब्लँक मोठा असणं हा मुख्य त्रास नाही, ब्लँक हलता असणं हा आहे. ब्लँक ३० नॅनोमोलर आहे आणि दहा वेळा मोजल्यावर त्यातलं प्रमाण विचलन २ येतंय, तर तुमची शोधमर्यादा (कमीत कमी किती ओळखता येतं ती पातळी) त्याच्या तिप्पट, म्हणजे ६ नॅनोमोलर. ब्लँक ५ आहे आणि विचलन तेच २, तरी मर्यादा ६ च. पण मोठे ब्लँक बहुतेक वेळा जास्त हलतात, आणि आज ३० असलेला उद्या नवीन बाटली उघडली की ३८ होतो, म्हणून तो खाली आणायचाच. आणि ही मर्यादा ताजं रिएजंट घालून एकाच दुपारी काढलेली नको, वेगवेगळ्या दिवसांची हवी, वेगवेगळ्या बाटल्यांमधून. एका शितावरून भाताची परीक्षा इथे नाही करता येत.

स्टँडर्ड शुद्ध पाण्यात बनवून त्याचा उतार (प्रमाण वाढलं की सिग्नल किती वाढतो तो आकडा) समुद्राच्या पाण्याला लावू नका. मी नेहमी सॅम्पलमध्येच घालून बघते. त्याच समुद्राच्या पाण्याचे चार भाग, त्यात ०, १०, २० आणि ४० नॅनोमोलर वाढेल एवढं स्टँडर्ड, आणि उतार त्यावरून. कृत्रिम समुद्राचं पाणी बनवून करता येतं, पण बाजारात मिळणाऱ्या क्षारांमध्येच फॉस्फेट, नायट्रेट, अमोनियम असतं, सगळ्यात शुद्ध म्हणून विकलेल्या मिठातही थोडं असतं, आणि लिटरला ३० ग्रॅम मीठ घातलं की ते थोडं पुरेसं होतं. त्यापेक्षा उन्हाळ्यातलं खुल्या समुद्रातलं वरचं पाणी मोठ्या कॅनमध्ये भरून, उजेडात काही आठवडे ठेवून, मग गाळून वापरलं तर ते जास्त कामाचं. त्यातलं उरलंसुरलं पोषण त्यातले जीवच खाऊन टाकतात.

स्टँडर्डचं पातळ करणं हाही एक मोठा विषय आहे. पोटॅशियम नायट्रेट १०५ अंशाला सुकवून १.०११ ग्रॅम लिटरभर पाण्यात घातलं की १० मिलिमोलर. तिथून १० नॅनोमोलरला यायचं म्हणजे दहा लाख पट पातळ करायचं, तीन पायऱ्यांमध्ये, आणि प्रत्येक पायरीला पिपेटची चूक गुणली जाते. पिपेट वजनावर तपासा, डब्यावर लिहिलेल्या टक्केवारीवर विसंबू नका. शेवटचं पातळ स्टँडर्ड रोज नवीन. जपानची कान्सो कंपनी समुद्राच्या पाण्यातली पोषक द्रव्यांची प्रमाणित संदर्भ द्रव्यं बनवते, वेगवेगळ्या पातळीच्या बाटल्या असतात, त्यातली कमी पातळीची एक प्रत्येक रनमध्ये घाला. त्याने तुमचा स्टँडर्ड बरोबर आहे की नाही हे कळतं. शून्य बरोबर आहे की नाही हे मात्र त्याने पूर्ण कळत नाही, त्यासाठी वरचा सगळा खटाटोप.

आता घाण येते कुठून, कारण ब्लँक खाली आणायचा म्हणजे हेच शोधायचं. एक प्रसंग सांगते. जहाजावर रात्रीच्या पाळीत नायट्रेट मोजत होतो, वरच्या १०० मीटरचे सगळे आकडे ५ ते ८ नॅनोमोलरच्या आसपास आणि मधूनच एखादी बाटली २५, एखादी ४०. नायट्रेटचं नायट्राइट करणारा कॅडमियम कॉलम तपासला, रिएजंट बदलले, नळ्या बदलल्या, काही फरक नाही. तिसऱ्या रात्री मी सॅम्पल भरणाऱ्या मुलाच्या शेजारी नुसती उभी राहिले आणि बघत राहिले. तो बाटली तोटीखाली धरायचा, पाणी त्याच्या हातमोज्यावर सांडायचं, मनगटावरून वळून बोटांवर यायचं आणि बोटाच्या टोकावरून एक थेंब बाटलीच्या तोंडात. हातमोजे त्याच आठवड्यात उघडलेल्या नवीन खोक्यातले होते. त्यातला एक मोजा १०० मिली शुद्ध पाण्यात दहा मिनिटं बुडवला आणि ते पाणी मशीनला दिलं, तर पीक, म्हणजे आलेखावरचं सिग्नलचं टोक, कागदाच्या बाहेर गेलं. हातमोजे बनवताना साच्यावर रबर घट्ट बसावं म्हणून कॅल्शियम नायट्रेट वापरतात, आणि त्यातलं थोडं मागे राहतं. तेव्हापासून मोजे घातले की आधी हात शुद्ध पाण्याखाली चोळून धुवायचे, आणि बाटली अशी धरायची की मोज्यावरचं पाणी तोंडाकडे कधीच येणार नाही. मोजे न घालणं हा उपाय नाही, घामात अमोनियम असतं.

बाकीच्या जागा भराभर सांगते. भांडी धुवायचा फॉस्फेटवाला साबण लॅबमध्ये ठेवायचाच नाही. शेजारी धातू मोजणारी मंडळी असतील तर ती सगळं नायट्रिक ऍसिडने धुतात, त्यांच्या भांड्यांना हात लावू नका आणि त्यांच्या फ्यूम हूडशेजारी (ऍसिडच्या वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाशेजारी) तुमचे रिएजंट ठेवू नका. अमोनियावालं काच पुसायचं द्रव्य कॉरिडॉरमध्ये वापरलं तरी अमोनियमचा ब्लँक वर जातो, सिगरेटच्या धुरानेही जातो. बाटल्या १० टक्के हायड्रोक्लोरिक ऍसिडमध्ये रात्रभर, मग शुद्ध पाण्याने पाच-सहा वेळा विसळून, आणि कोरड्या ठेवण्याऐवजी शुद्ध पाणी भरूनच ठेवा. एकदा नीट झालेल्या बाटल्या फक्त वरच्या पाण्यासाठी राखून ठेवा, त्यात खोल पाण्याचं सॅम्पल कधीही भरू नका. रनचा क्रमही तसाच, कमी पातळीची सॅम्पल आधी, जास्त पातळीची शेवटी, कारण आधीच्या ४० मायक्रोमोलरचा हजारावा भाग जरी नळीत राहिला तरी पुढच्या सॅम्पलला ४० नॅनोमोलर मिळाले.

सॅम्पल घेताना जहाजाचं सांडपाणी त्या वेळी सोडलं जात नाहीये ना हे आधी जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे कप्तानाच्या कक्षात, विचारून घ्या. तोटीतून ऑक्सिजन आणि बाकी वायूंची सॅम्पल झाली की पोषक द्रव्यांचं घ्यायचं, बाटली आणि झाकण त्याच पाण्याने तीनदा विसळायचं, जोरात हलवून. गाळायचं का? खुल्या समुद्राचं स्वच्छ पाणी असेल तर मी गाळत नाही. गाळताना दाब जास्त झाला की पेशी फुटतात आणि आतलं फॉस्फेट बाहेर येतं, फिल्टरमधूनही काही ना काही येतंच. गाळावंच लागलं तर ऍसिडने धुतलेला पॉलिकार्बोनेट फिल्टर, काचेच्या तंतूंचा नको, निदान सिलिकेटसाठी तरी नकोच.

आणि मोजायचं लगेच. या पाण्यात फॉस्फेट काही तासांत जीवांमधून फिरून येतं, बाटलीत ते फिरणं थांबत नाही. उणे २० ला गोठवून आणलेली सॅम्पल मायक्रोमोलर पातळीला बऱ्यापैकी चालतात, पण ५ नॅनोमोलरच्या दाव्यासाठी मी गोठवलेलं सॅम्पल मानत नाही. मर्क्युरिक क्लोराइड घालून टिकवता येतं पण ते विषारी आहे, त्याची विल्हेवाट लावायला लागते, आणि कॅडमियम कॉलम वापरणार असाल तर पारा तो कॉलम खराब करतो.

मशीन आणि सेल दोन्ही नसतील तरी फॉस्फेटसाठी एक फार सुंदर मार्ग आहे. कार्ल आणि टिएन यांनी १९९२ मध्ये मॅजिक नावाची पद्धत दिली. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम ५० मिलिमोलरच्या वर असतं. त्यात थोडं सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा पांढरा साका बनतो आणि खाली बसताना पाण्यातलं फॉस्फेट ओढून नेतो. सेंट्रीफ्यूज करायचं, वरचं पाणी ओतून द्यायचं, साका अगदी थोड्या ऍसिडमध्ये विरघळवायचा. २०० मिलीचं १० मिली झालं म्हणजे वीस पट, आणि ५ नॅनोमोलरचं १०० झालं जे १० सेंमीच्या सेलमध्येही दिसतं. पहिल्यांदा करताना तो साका बघाल, दुधाचे फुटलेले कण तरंगावेत तसा दिसतो, मग दाबून बसतो. वरचं ओततानाचा हात स्थिर हवा, तिथे साका गेला की फॉस्फेट गेलं. स्टँडर्डही याच सगळ्या पायऱ्यांतून न्यायचे, शेवटच्या १० मिलीत थेट स्टँडर्ड घालून हिशोब करायचा नाही. आणि ओतून दिलेलं ते वरचं पाणी फेकू नका. ते फॉस्फेट काढलेलं समुद्राचं पाणी आहे, त्याचा पीएच परत खाली आणला की तुम्हाला जवळपास खरं शून्य मिळालं, क्षारतेसकट.

फॉस्फेटमध्ये एक छुपा चोर आहे, आर्सेनेट, म्हणजे आर्सेनिकचं एक रूप. ते मोलिब्डेटबरोबर तसाच निळा रंग देतं, आणि समुद्रात ते १० ते २० नॅनोमोलर असतंच, मॅजिकच्या साक्यात तेही येतं. २ मायक्रोमोलर फॉस्फेट असताना कोणाला फरक पडत नाही, पण सरगॅसोसारख्या पाण्यात आर्सेनेट फॉस्फेटपेक्षा जास्त भरतं, म्हणजे तुम्ही जे फॉस्फेट म्हणून छापाल त्यातलं अर्ध्याहून जास्त फॉस्फेट नसेलच. आम्लात मेटाबायसल्फाइट आणि थायोसल्फेट घालून आर्सेनेटचं आर्सेनाइट करायचं, ते रंग देत नाही. मात्र त्यानंतर फार वेळ थांबायचं नाही, नाहीतर गंधक बाहेर पडून द्रावण गढूळ होतं आणि पुन्हा तोच ऍब्सॉर्बन्सचा घोळ. मूळ पद्धत मर्फी आणि रायली यांची, १९६२ ची, आणि त्यांचं मिश्र रिएजंट एका दिवसापेक्षा जास्त टिकत नाही, हेही लक्षात असू द्या. तसंच हे ऍसिड काही सैल बांधलेलं सेंद्रिय फॉस्फरसही थोडं तोडतं, म्हणून निकालात त्याला विद्राव्य अभिक्रियाशील फॉस्फरस म्हणतात, नुसतं फॉस्फेट म्हणत नाहीत.

नायट्रेटचं गणित वेगळं आहे कारण त्याला आधी नायट्राइट करावं लागतं. तांबं चढवलेल्या कॅडमियमच्या कॉलममधून पीएच ८ च्या आसपास पाणी न्यायचं, मग सल्फानिलामाइड आणि नॅफ्थिल इथिलिनडायअमिन, म्हणजे जुनी ग्रिसची अभिक्रिया, गुलाबी रंग. हा रंग निळ्यापेक्षा बराच गडद आहे, त्यामुळे लांब सेलमध्ये २-३ नॅनोमोलरपर्यंत जाता येतं. रोज एक नायट्राइटचं आणि एक तेवढ्याच नायट्रेटचं स्टँडर्ड चालवा, दोन्ही पीक सारखे हवेत, नायट्रेटचं ९५ टक्क्यांच्या खाली आलं की कॉलम पुन्हा तयार करा. बफरमध्येच नायट्रेट असतं, ब्लँकचा मोठा हिस्सा तिथलाच. कॅडमियम विषारी आहे, त्याचं सांडपाणी वेगळं साठवा. ज्यांच्याकडे सोय आहे ते नायट्रेटचं नायट्रिक ऑक्साइड करून ओझोनबरोबर उजेड मोजतात, गारसाइड यांची १९८२ ची पद्धत, ती क्षारतेच्या भानगडीतून सुटते, पण उपकरण मोठं आणि सॅम्पलला वेळ लागतो.

अमोनियमला मी रंगाची पद्धत या पातळीला वापरतच नाही. ऑर्थोथॅलडायअल्डिहाइड, सल्फाइट आणि बोरेट बफर, दोन-तीन तास अंधारात, मग फ्लुओरोमीटर, म्हणजे द्रावणाची चमक मोजणारं उपकरण. याचं रिएजंट बनवून निदान एक दिवस तसंच ठेवलं तर त्याच्या आतलं अमोनियम संपून ब्लँक खाली येतो. बाटल्यांची झाकणं घट्ट, उघड्या बाटल्या ट्रेमध्ये रांगेने मांडून ठेवायची सवय सोडा. सिलिकेट सहसा नॅनोमोलरला जातच नाही, फक्त काच कुठेच नको, स्टँडर्डच्या फ्लास्कपासून सगळं प्लॅस्टिक.

तर तुमच्यासाठी क्रम असा. सेलची ऑर्डर द्या, ती येईपर्यंत जो वेळ मिळेल त्यात १० सेंमीच्या सेलवर दुप्पट रिएजंटचा प्रयोग रोज करा, बाटल्यांचा एक संच फक्त यासाठी तयार करा, हातमोजे, पाणी आणि प्रत्येक रिएजंट एकेक करून तपासा. ब्लँकचं विचलन वेगवेगळ्या दिवसांत २ नॅनोमोलरच्या आसपास आलं की मगच समुद्राचं सॅम्पल लावा. एक कॅनभर कमी पातळीचं पाणी बाजूला ठेवा आणि प्रत्येक रनमध्ये तेच चालवा, रन बिघडलं तर सगळ्यात आधी तिथे कळतं.

आत्ता हातात असलेल्या जुन्या आकड्यांचं काय, असंही तुम्ही विचारलंय. ते फेकू नका, पण उणे आलेल्याला शून्य करू नका आणि ०.०४ ला खरं मानू नका. आहेत तसे, उणे चिन्हासकट, फाइलमध्ये ठेवा आणि शेजारी त्या सेटअपची शोधमर्यादा लिहा, १ सेंमीच्या सेलला ती ०.१ मायक्रोमोलरच्या खाली क्वचितच येते. निकालाच्या तक्त्यात मर्यादेपेक्षा कमी एवढंच द्या. एक मात्र अजिबात करू नका, या आकड्यांवरून नायट्रोजन आणि फॉस्फरसचं गुणोत्तर काढू नका. रेडफिल्डच्या १६ शी (समुद्रातल्या जीवांमधल्या नायट्रोजन-फॉस्फरसच्या सरासरी गुणोत्तराशी) तुलना करायचा मोह होतो, मला माहितीये, पण वरही नॉइज आणि खालीही नॉइज असताना ते गुणोत्तर ३ सुद्धा येईल आणि ३०० सुद्धा. ते पुढच्या मोहिमेच्या सॅम्पलवर काढा, आर्सेनेट वजा करून.